तीन पेंढ्या आणि कायद्याची शाळा

गव्हाची पेंढी कशी बांधतात हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. विळ्याने कापावे, मूठ मूठ जमवावी, बंध आवळावा आणि पेंढी खळ्यावर न्यावी. ही पेंढी बांधणाऱ्याच्या हातावर काय उमटते हेही त्यांस ठाऊक आहे. अशा तीन पेंढ्या सुमारे ऐंशी वर्षे अमेरिकेतील एका फार नावाजलेल्या कायद्याच्या शाळेच्या ढालचिन्हावर मिरवत होत्या. ती शाळा म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाची. बोस्टन शहराशेजारी केंब्रिज गावी ती १८१७ साली निघाली. अमेरिकेचे किती राष्ट्राध्यक्ष, किती सरन्यायाधीश आणि जगातील किती बडे वकील तिथून बाहेर पडले याची गणती तिचे भाट करतीलच, आम्ही करीत नाही. आम्हांला त्या पेंढ्यांची चौकशी करावयाची आहे.

ढालीवर वरच्या बाजूस लॅटिन भाषेत ‘सत्य’ असा शब्द आणि खाली तीन पेंढ्या. पाहणाऱ्यास वाटावे की हे कोणा कष्टाळू शेतकरी घराण्याचे दान असावे. दान खरे होते. घराणे मात्र शेतात राबणारे नव्हते. आयझॅक रॉयल हे त्याचे नाव. बापाचेही हेच आणि मुलाचेही हेच. वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटावर बापाचा उसाचा मळा होता आणि त्या मळ्यात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे गुलाम म्हणून राबत. १७३६ साली तेथील गुलामांनी बंडाचा बेत केल्याचा आरोप झाला आणि ८८ माणसे ठार मारण्यात आली. त्यांतील ७७ जिवंत जाळली. पुढल्या वर्षी थोरला रॉयल २७ गुलाम बरोबर घेऊन बोस्टनजवळच्या मेडफर्ड गावी येऊन राहिला. तिथले त्याचे घर आणि शेजारची गुलामांची चाळ आजही उभी आहे; आता तिचे संग्रहालय झाले आहे.

धाकटा रॉयल इंग्रजांचा पक्षपाती. स्वातंत्र्ययुद्ध पेटताच १७७५ साली तो पळाला आणि १७८१ साली इंग्लंडात मेला. मरताना त्याने आपल्या जमिनीचा एक भाग हार्वर्डला ठेवला, कायद्याचा किंवा वैद्यकाचा अध्यापक नेमण्यासाठी. त्या पैशातून १८१५ साली कायद्याचे पहिले अध्यापकपद निर्माण झाले आणि दोन वर्षांनी शाळा. म्हणजे हिशेब असा: ऊस तोडला कोणी, मळा कसला कोणी, आगीत जळाले कोण, आणि कायदा शिकावयास बसले कोण?

हा हिशेब आमच्या वाचकांस नवा नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच मांडले होते. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून चालणाऱ्या वरच्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, अशी त्यांची तक्रार होती. फुल्यांनी मेडफर्डचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. पण त्यांची गुलामगिरीवरील पोथी १८७३ साली निघाली, तेव्हा गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांनाच त्यांनी ती अर्पण केली होती. दुखणे एकच आहे हे त्यांनी इतक्या दुरून ओळखले.

आता या गोष्टीतील आम्हांला सर्वांत थोर वाटणारे माणूस सांगतो. तिचे नाव बेलिंडा. आफ्रिकेतून बारा वर्षांची होण्याआधीच पळवून आणलेली ही पोर पन्नास वर्षे रॉयलच्या घरी राबली. धनी पळून गेला, बाई म्हातारी झाली, जवळ एक आजारी मुलगी. १७८३ साली तिने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला: ज्या मालमत्तेत माझ्या श्रमांची भर आहे त्या मालमत्तेतून मला पोटगी मिळावी. तिला लिहिता येत नव्हते. अर्ज दुसऱ्याने लिहिला, खाली तिने फुलीची निशाणी केली. विधिमंडळाने तिला सालीना १५ पौंड १२ शिलिंग मंजूर केले. पुढे काय झाले असेल ते तलाठ्याच्या चावडीवर खेटे घातलेल्या माणसास विचारा. पैसे थोडे मिळाले, मग थांबले; बाईने पुन्हा अर्ज केला, पुन्हा थांबले, पुन्हा अर्ज. दहा वर्षे ती अर्ज करीत राहिली. त्याच मालमत्तेच्या जोरावर पुढे कायद्याचा अध्यापक नेमला गेला आणि त्याची खुर्ची अव्याहत चालू राहिली. तरी आमच्या मते त्या शाळेचा पहिला कायदेपंडित तो अध्यापक नव्हे. फुली मारणारी ही बाई होय. कष्ट केले, सबब हिस्सा द्या, याहून सरळ वादमुद्दा कोणत्या बॅरिस्टराने मांडला आहे?

२०१५ साली त्या शाळेतील विद्यार्थ्यांनी चळवळ केली की रॉयलची निशाणी काढा. समिती बसली आणि २०१६ च्या मार्चमध्ये पेंढ्या ढालीवरून उतरल्या. त्या समितीत ॲनेट गॉर्डन-रीड नावाच्या एक काळ्या विदुषी होत्या, स्वतः त्या शाळेच्या अध्यापिका आणि गुलामगिरीच्या इतिहासातील मोठ्या जाणकार. त्यांनी बहुमताविरुद्ध मत दिले. त्यांचे म्हणणे असे की पेंढ्या राहू द्या आणि त्या कोणाच्या श्रमाच्या हे सर्वांना सांगत राहा. चिन्ह पुसले तर गुलामही विसरले जातील. आमचा कौल बाईंच्या बाजूला आहे. पेंढी धन्याची नव्हतीच, बांधणाऱ्याची होती. मग ती धन्याची म्हणून काय म्हणून काढावी? पण विद्यार्थ्यांचा संतापही आम्ही खोटा म्हणत नाही. ज्याच्या आज्याला त्या चिन्हाखाली विकले, त्याने ते चिन्ह छातीवर लावून पदवी घ्यावी असे सांगणारे आम्ही कोण? २०१७ साली शाळेला दोनशे वर्षे झाली तेव्हा आवारात, ज्यांच्या श्रमांतून ही संपत्ती उभी राहिली त्या गुलामांच्या स्मरणार्थ एक शिळा बसवण्यात आली. पुढे एका चौकालाही बेलिंडा सटनचे नाव मिळाले. अडीचशे वर्षांच्या आत चौक मिळाला, हेही आमच्याकडील मानाने लवकरच म्हणावयाचे!

असो. आता त्या शाळेत शिकवतात कसे ते पाहू, कारण आमच्या मते तिच्याकडून घेण्यासारखी वस्तू तेथे आहे. १८७० साली तिच्या प्रमुखपदी ख्रिस्तोफर लँगडेल हा गृहस्थ आला. न्यू हॅम्पशायरमधील गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा. शिक्षणाला पैसा हवा म्हणून गिरणीत काम केलेला. त्याच्या आधी कायदा शिकवीत तो पुराण सांगितल्यासारखा. अध्यापक बोलत, मुले उतरून घेत. लँगडेलने हे मोडले. त्याने खऱ्या खटल्यांचे निकाल छापून मुलांच्या हाती दिले, घरी वाचून या म्हटले, आणि वर्गात नाव पुकारून विचारू लागला: खटल्यातील हकीकत सांगा. वादी काय म्हणतो? प्रतिवादी काय म्हणतो? न्यायाधीशाने कारण काय दिले? ते कारण तुम्हांस पटते काय? आणि हकीकत थोडी बदलली तर निकाल हाच राहील काय? प्रारंभी पुष्कळ मुले वर्ग सोडून गेली, कारण त्यांना उत्तर हवे होते आणि हा मनुष्य प्रश्नच देत होता. पण पन्नास वर्षांच्या आत अमेरिकेतील बहुतेक कायद्याच्या शाळांनी तीच रीत उचलली.

एक नमुना देतो. हा खटला १९२९ चा, तिकडे पहिल्या वर्षाची मुले अजून वाचतात. एका मुलाचा हात विजेच्या तारेने भाजला होता. डॉक्टर बापाला म्हणाला, मी हात शंभर टक्के नीट करून देतो. त्याने छातीची कातडी काढून तळहाताला लावली. तळहातावर केस उगवू लागले आणि हात पूर्वीहून वाईट झाला. मुलगा कोर्टात गेला. भरपाई किती? डॉक्टरची फी परत? सोसलेल्या वेदनांचे मोल? कोर्ट म्हणाले, वचन दिलेला चांगला हात आणि प्रत्यक्ष मिळालेला हा हात, या दोहोंच्या किमतीतील फरक द्यावयाचा.

आता हा केसाळ हात बाजूला ठेवा आणि सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी समोर घ्या. दुकानदार सांगतो, उगवण चांगली, उतारा चांगला. पेरणी केली, पाऊस झाला, आणि शेत उघडे राहिले. कंपनी म्हणते, पिशवीचे पैसे घेऊन जा. शेतकरी म्हणतो, माझा हंगाम गेला. कोणाचे खरे? वचनाचे मोल पिशवीइतके की पिकाइतके? हा प्रश्न ज्याने वर्गात एकदा वीस मिनिटे सोसला, त्यास कंपनीचा माणूस पिशवीच्या किमतीवर वाटेला लावू शकत नाही. आणि हेही सांगून ठेवतो की बियाणे फसलेला शेतकरी ग्राहक या नात्याने ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सांगितले आहे.

आम्ही खेड्यातील मास्तर. आम्हांला अध्यापक विद्यालयात पाठाचे टाचण करावयास शिकवले, मुलांना प्रश्न विचारावयासही शिकवले. पण मुलाने उलट प्रश्न केला तर काय करावे याचे टाचण कोणी दिले नाही. आपल्याकडे प्रश्न विचारणाऱ्या पोराला घरात ‘तोंडाळ’ म्हणतात, शाळेत ‘आगाऊ’ आणि कचेरीत ‘शहाणा लागून गेलास’. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथी होती त्यांनी पोथीवर वाद केले. आमच्या वाट्याला नुसते ऐकणे आले. म्हणून लँगडेलच्या रीतीचे आम्हांला अप्रूप वाटते.

पण तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. सर्वांदेखत उभे करून विचारलेला प्रश्न वकिलाच्या मुलाला खेळ वाटतो; ज्याच्या घरात पहिलाच शिकलेला, त्याची जीभ टाळूला चिकटते. लानी गिनिअर या विदुषीने १९९४ साली पेन्सिल्व्हेनिया येथील कायद्याच्या शाळेविषयी सहकाऱ्यांसह लिहून दाखवले की प्रवेशाच्या वेळी बरोबरीच्या असलेल्या स्त्रिया या धाकाच्या शिक्षणात मागे पडतात. प्रश्न चांगला, पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांत तुच्छता असेल तर तोच प्रश्न चाबूक होतो.

आणि त्या वर्गात बसावयास मिळाले कोणाला? जॉर्ज लुइस रफिन हा बोस्टनमधील काळा न्हावी. दुकानात वस्तरा चालवीत तो शिकला आणि १८६९ साली हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतली. पुढे १८८३ साली तो न्यायाधीश झाला. आमच्या नाभिक बंधूंनी हे नाव लिहून ठेवावे. चार्ल्स ह्यूस्टन हा दुसरा. १९२२ साली पदवी घेतलेला हा काळा विद्यार्थी तेथील नामांकित कायदेविषयक मासिकाच्या संपादक मंडळावर गेलेला पहिला काळा मनुष्य. मनात आणता तर पैसा करता. त्याने वॉशिंग्टनमधील हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठात जाऊन कायद्याची शाळा कसली, थरगुड मार्शलसारखे शिष्य तयार केले, आणि त्या शिष्यांनी १९५४ साली गोऱ्याकाळ्यांच्या वेगळ्या शाळांचा कायदा सर्वोच्च न्यायालयात पाडला. निकाल पाहावयास ह्यूस्टन उरला नव्हता. तो १९५० सालीच वारला. आम्हांला विचाराल तर मोठ्या शाळेत जाऊन करावयाचे ते हेच: विद्या तेथून उचलावी आणि आपल्या माणसांच्या शाळेत आणून ओतावी.

स्त्रियांना त्या शाळेने १९५० पर्यंत दारातच उभे केले होते. १९५६ साली रूथ बेडर गिन्सबर्ग आत गेली तेव्हा सुमारे पाचशेंच्या वर्गात नऊ स्त्रिया होत्या, आणि शाळेच्या प्रमुखाने त्यांना जेवावयास बोलावून विचारले की पुरुषाची जागा अडवून तुम्ही येथे का आलात? पुढे ती बाई सर्वोच्च न्यायालयाची न्यायमूर्ती झाली. डेरिक बेल या पहिल्या कायम काळ्या अध्यापकाने, एकही काळी स्त्री कायम अध्यापिका नाही म्हणून १९९० साली बिनपगारी रजा घेतली. मागणी पुरी होईना, तो परत जाईना, आणि दोन वर्षांनी शाळेने त्याची जागा काढून घेतली. १९९८ साली वर सांगितलेल्या लानी गिनिअर यांना तेथे कायम नेमले. बेलची नोकरी गेली, पण दार उघडले.

हे दार उघडले ते उघडेच राहते असेही नाही. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्याच खटल्यात, प्रवेश देताना वंशाचा विचार करणे बेकायदा ठरवले. पुढच्याच साली या कायद्याच्या शाळेत पहिल्या वर्षाला काळे विद्यार्थी १९ आले. आदल्या वर्षी ते ४३ होते. एका सालचा आकडा आहे, पुढे वरखाली होईल. परंतु आरक्षणाविरुद्ध आपल्याकडे जे गुणवत्तेचे पुराण सांगितले जाते, त्याचे श्रोते सातासमुद्रापलीकडेही आहेत एवढे यावरून दिसते. जिच्या पायाभरणीलाच गुलामांचा पैसा होता तिथे गुणवत्ता नेमकी कोणत्या सालापासून मोजावयाची?

फीचे एकच वाक्य लिहितो: २०२४ साली तेथील वर्षाची नुसती शिकवणी पाऊण लाख डॉलरांच्या वर होती. कर्ज काढून शिकलेला पोरगा गरिबाचा वकील कसा होईल, हा प्रश्न त्यांनाही पडला. म्हणून १९७८ पासून कमी पगाराच्या लोकसेवेत जाणाऱ्यांचे कर्ज फेडण्यास शाळा मदत करते. विद्यार्थ्यांनीच चालवलेले गरिबांसाठीचे फुकट सल्लागार मंडळ तर १९१३ पासून आहे. या दोन गोष्टी आपल्या विद्यापीठांनी बेलाशक नक्कल कराव्या.

वाचक म्हणतील, मास्तर, आमच्या बांधाचा तंटा सुटेना आणि तुम्ही बोस्टनच्या गोष्टी सांगता. तर ऐका. आपली घटना तयार होत असता सल्लागार बी. एन. राव १९४७ साली अमेरिकेत गेले आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या न्यायमूर्तींना भेटले. हे गृहस्थ १९३९ पर्यंत हार्वर्डच्या कायद्याच्या शाळेत अध्यापक होते. त्यांनी सल्ला दिला की न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता देणारे अमेरिकेतले शब्द तुम्ही घेऊ नका. ते गाळले गेले आणि २१ व्या कलमात ‘कायद्याने प्रस्थापित पद्धती’ आली. म्हणजे सरकारने कायदा केला की कैद करता येईल, असा अर्थ निघू लागला. पुष्कळांनी ओरड केली. तेव्हा डॉ. आंबेडकरांनी १९४९ साली एक कलम आणले, ते आज २२ वे. अटक केलेल्यास कारण सांगितले पाहिजे, वकील घेऊ दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. तुमच्या पोराला फौजदाराने रात्री नेले तर सकाळी जे चोवीस तास तुम्ही मोजता, ते या वादातून आलेले आहेत.

आपल्या महाराष्ट्रात आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. इमारती आपल्या राज्याच्या, जमीन आपली, पैसा आपल्या करांचा. पण आत जाण्याची परीक्षा इंग्रजीत. २०२३ साली ही परीक्षा देशी भाषांतही व्हावी म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. २०२४ च्या डिसेंबरात झालेली परीक्षा तरी इंग्रजीतच झाली. अर्जाची फी ४००० रुपये, आणि आत गेल्यावर वर्षाला दोन लाखांवर खर्च. राज्याची वेगळी प्रवेशपरीक्षा मराठीत देता येते, हे खरे. पण तिने ही तीन दारे उघडत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात आमचा साक्षीदार मराठीत बोलतो, त्याची जबानी मराठीत लिहितात, आणि त्याचा वकील होण्यासाठी मराठी पोराला आधी इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागतो. इंग्रजी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. शिकावी, चांगली शिकावी. दारावर पहारेकरी म्हणून तिला उभी करू नये एवढेच. इंग्रजीवाचून दर्जा खालावेल असे म्हणणाऱ्यांस आठवण देतो की शाहू महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या तेव्हाही दर्जाचीच हाकाटी झाली होती.

दार उघडेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. लँगडेलची रीत चालवावयास बोस्टनचे लाल विटांचे दिवाणखाने लागत नाहीत. निकालाचा कागद आणि प्रश्न करणारी चार माणसे लागतात. सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल मराठीत भाषांतर होऊन न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. गावच्या वाचनालयात आठवड्याला एक निकाल मोठ्याने वाचावा. बायांनाही बसवावे, आणि पुढे बसवावे. मास्तराने उत्तर सांगू नये.

पहिल्या रविवारसाठी एक हकीकत आम्हीच रचून देतो. बाप २००१ साली वारला. जमीन वडिलोपार्जित, वाटणी झालेली नाही. दोन भाऊ, एक बहीण. तिचे लग्न १९९० सालचे. भाऊ म्हणतात, आक्का, लग्नात तुझे सगळे केले, आता हक्कसोडपत्रावर अंगठा दे. मुलींना जन्माने हिस्सा देणारा बदल २००५ सालचा, आणि त्यासाठी बाप त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्माच्या खटल्यात सांगितले. आता सांगा: आक्काचा हिस्सा किती? तिने अंगठा दिला तर तो राजीखुशीचा, हे कोण आणि कसे ठरवणार? आणि बाप मेल्यावर लगेच २००२ साली भावांनी रजिस्टर वाटणी करून घेतली असती तर?